उजव्या नाकातली चमकी

मित्रांनो, माझ्यासमोर जो येतो तो स्वतःला पाहून निघून जातो. मी कसा आहे हे पाहायला कुणी थांबत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आमचे कामच ते. पण त्यामुळे स्वतःविषयी बोलायची सवय मला कधी लागली नाही. कुठून सुरुवात करावी, किती सांगावे, तुम्हाला ते ऐकावेसे वाटेल की नाही, काही कळत नाही. तरी सांगून पाहतो. मी एक जुना आरसा आहे. सागवानी चौकटीचा, दीड हात उंचीचा आणि खालच्या कोपऱ्यात काळा पडलेला.

माझी चौकट आलापल्लीच्या जंगलातल्या सागाची. मूल गावात दसरू नावाचा सुतार होता. कुणाच्या तरी घराचे दार करताना उरलेल्या पट्ट्यांतून त्याने ती बनवली. कोपऱ्यांवर त्याने धानाच्या लोंब्या कोरायला घेतल्या. तीन कोपरे झाले, तेवढ्यात धानाची रोवणी आली आणि दसरू बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरला. चौथा कोपरा कोरायचा राहिला तो राहिलाच. काच चांद्याहून आली, धानाच्या वाळल्या तणसात गुंडाळून. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. त्या काचेत, मधोमध नव्हे, जराशी डावीकडे, एक बुडबुडा राहून गेला होता. तांदळाच्या कणीएवढा. दुकानदाराला तो दिसला नसावा, किंवा दिसूनही तो काही बोलला नसावा. मला मात्र त्याची फार लाज वाटायची. आरशाने स्वच्छ असावे, आणि मी जन्मतःच असा.

मला विकत घेतले रामाजीने, आपल्या नव्या नवरीसाठी. तिचे नाव रुखमा. दोघेही मूलच्या राइस मिलमध्ये कामाला होते. तो पोती उचलायचा, ती तांदूळ पाखडायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कोंडा बसलेला असे. माझ्यासमोर उभी राहून ती तो झटकी आणि चुलीकडे वळे. त्याला पाहणे म्हणता येणार नाही. ती झाडझूड होती.

मग छप्पन्न साल आले. ऑक्टोबर महिन्यात बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला सगळी वस्ती चांद्याला निघाली. त्या सकाळी रुखमाने पांढरे लुगडे नेसले आणि ती माझ्यासमोर आली. चेहऱ्यावर कोंडा नव्हता, झटकायला काही नव्हते. तरी ती उभी राहिली. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण इतका वेळ ती पूर्वी कधी थांबली नव्हती. तिने स्वतःचे डोळे पाहिले, कपाळ पाहिले, नाकातली चमकी पाहिली. मग तिला गालावर एक पांढरा ठिपका दिसला. तिने पदराने गाल पुसला. ठिपका जाईना. तिने पुन्हा पुसला.

दारात उभा असलेला रामाजी हसून म्हणाला, "अवो, ते आरशात हाय, तुह्या गालावर नाई."

रुखमाही हसली. मग माझ्याकडेच पाहत हळूच म्हणाली, "बरी दिसून राह्यली मी."

माझ्या बुडबुड्याची लाज मला त्या दिवशी थोडी कमी वाटली.

दोन वर्षांनी वच्छला झाली. ती माझ्यासमोरच मोठी झाली असे म्हटले तर फार खोटे होणार नाही. आधी तिचे कपाळ दिसायचे, मग डोळे, मग हनुवटी. तीही गालावरचा ठिपका पुसायची आणि फसायची. शाळेत तिची चित्रकला चांगली होती. ड्रॉइंगच्या दोन्ही सरकारी परीक्षा ती पास झाली, मास्तरांनी बक्षीस म्हणून रंगांची लाकडी पेटी दिली. हळूहळू तिचा चेहरा इतका आईवर गेला, की संध्याकाळच्या उजेडात दोघींतली कोण समोर आली आहे, हे ओळखायला मलाही क्षणभर लागे.

त्र्याऐंशी साली वच्छलाचे लग्न झाले. नवरा हरिदास चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला, वीजकेंद्रात नोकरीला होता. निघताना रुखमाबाईने मला भिंतीवरून काढले, चादरीत गुंडाळले आणि लेकीच्या हाती दिले.

"मंग तू कायात पाहशील माय?" वच्छलाने विचारले.

"मले आता काय पाहाचं हाय? भांग त हातानंबी पडते. घे तू."

मूलच्या त्या भिंतीवर माझा खिळा तेवढा उरला.

ऊर्जानगरचे क्वार्टर दोन खोल्यांचे. सकाळी वीजकेंद्राची बस यायची, हरिदास डबा घेऊन जायचा आणि दुपारभर घर रिकामे. वच्छलाने पेटी उघडली. सुरुवातीला डोंगर, झोपडी, सूर्यफूल अशी चित्रे काढली. मग तिला माणसाचा चेहरा काढावासा वाटला. पण बसणार कोण? शेजारणींना कामे असत. एका रविवारी तिने हरिदासला खुर्चीवर बसवले, तर कान काढून होईपर्यंत तो घोरायला लागला. तेव्हापासून ती माझ्यासमोर बसू लागली आणि स्वतःचाच चेहरा काढू लागली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचे पहिले मूल पोटातच गेले. त्याविषयी मी जास्त बोलणार नाही, मला तेवढे नीट बोलता येत नाही. एवढेच सांगतो, की दवाखान्यातून आल्यावर ती आठ दिवस माझ्यासमोर आली नाही. नवव्या दिवशी आली. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने फक्त दोन डोळे काढले. नाक नाही, तोंड नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळे. महिन्याच्या शेवटी ओठ आले. तेव्हा मला कळले, की ती चेहरा काढत नव्हती, आपण अजून आहोत का, हे बघत होती.

मग ती थांबली नाही. कपडे वाळत घालून दमलेली, हरिदासशी भांडून फुगलेली, न्हाऊन केस मोकळे सोडलेली, उगीचच हसू आलेली, अशा कितीतरी वच्छला पुठ्ठ्यांवर उतरल्या.

हरिदास वाईट माणूस नव्हता. पण त्याला हे कळत नसे. "काऊन वो," तो म्हणायचा, "आपलंच तोंड किती खेप काढशील? बुद्धाचं काढ, बगिच्याचं काढ."

"माहं तोंड बस म्हटलं त बसते," ती म्हणे. "तुमच्यावानी घोरत नाई."

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात वसाहतीतल्या महिला मंडळाने मेळावा ठरवला. दरवर्षी त्यात लोणची, विणकाम, रांगोळ्या मांडत. त्या वर्षी चित्रेही लावायचे ठरले. वच्छलाने हार्डबोर्डचा मोठा तुकडा आणला आणि महिनाभर खपून स्वतःचे चित्र काढले. तेलरंगात, कंबरेपर्यंत, हातात ब्रश घेतलेली. साडी पांढरी काढली, कारण पेटीत पांढऱ्या रंगाची नळी तेवढी भरलेली होती. मी दाखवीन ते तिने काढले, एक रेघही इकडची तिकडे नाही. गालावरचा माझा बुडबुडासुद्धा तिने सोडला नाही, एवढासा उजेडाचा ठिपका म्हणून ठेवून दिला. मला तेव्हा काय वाटले ते कसे सांगू? आजवर सगळ्यांनी तो पुसायचाच प्रयत्न केला होता.

मेळाव्याला दोन आठवडे असताना मंडळाच्या सेक्रेटरी कमलाबाई चित्र बघायला आल्या. मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची बाई. चित्रासमोर उभ्या राहून आधी "वा!" म्हणाल्या. मग मान तिरकी केली.

"अवो वच्छलाबाई, चमकी उजव्या नाकात काऊन घातली?"

वच्छलाने स्वतःच्या नाकाला हात लावला. चमकी डाव्या नाकपुडीत होती.

"आन पदर पाहा, मारवाडणीवानी उजव्या खांद्यावर. आन ब्रश डाव्या हातात! तुमी डावऱ्या कधी झाल्या बाप्पा?"

"आरशात पाहून काढलं न बाई. आरशात असंच दिसते."

"तुमाले दिसते. लोकाले नाई दिसत न! आन गालावर हे काय, आसू होय? मेळाव्यात रडकं चित्र नको. लोकं हासतीन. दुरुस्त करून द्या, मंग पाहू." चहा घेऊन, वर लोणच्याची एक वाटी देऊन त्या गेल्या.

हरिदास आला तेव्हा वच्छला चित्रासमोर बसून होती. "सांगा," ती म्हणाली, "हे मी नाई का?"

त्याने जवळून पाहिले, लांबून पाहिले. "हाय त तूच," तो म्हणाला, "पन कायतरी गडबड हाय. तुह्या बहिणीवानी दिसते."

वच्छलाला बहीण नव्हती.

"माहं एक चित्र त्या भिंतीवर लागू द्या," ती हळू म्हणाली. "नाई लागलं, त मी ब्रश धुऊन ठेवीन. पेटी मूलच्या शाळेले देऊन टाकीन. आपलंच तोंड आपल्याले नाई समजत, त कायले रंग नासाचे?"

मित्रांनो, ती हे चिडून म्हणाली नाही, म्हणून मला भीती वाटली. चिडून बोललेले ती संध्याकाळपर्यंत विसरत असे.

हरिदासला त्याच्या परीने मदत करायची होती. त्याने रजा काढली, तिला सायकलवर बसवून चंद्रपूरच्या एका फोटो स्टुडिओत नेले. तीन दिवसांनी फोटो आला. चमकी डावीकडे, पदर डाव्या खांद्यावर, सगळे जागच्या जागी.

"हे मी हाय?" वच्छला म्हणाली.

"मंग कोन होय? मी त रोज हेच बाई पाहून राह्यलो."

मग उठून तिने मला भिंतीवरून काढले आणि माझ्याच खिळ्याला तो फोटो टांगला. मला तिने कपाटामागे ठेवले, तोंड भिंतीकडे करून. त्या भिंतीपलीकडे न्हाणी होती. भिंतीला ओल होती.

त्या काळोखात मी पुष्कळ विचार केला. मी तिला फसवले होते का? तिच्या आईलाही तीस वर्षांपूर्वी फसवले होते का? जे समोर आले ते मी दाखवले, मला दुसरे काही येत नाही. पण जे खरे म्हणून दाखवले ते कुणालाच पटत नसेल, तर दोष माझाच असणार, असे वाटायचे. बाहेर ती फोटोवरून दुसरे चित्र काढत होती, ब्रशचा आवाज येई. पूर्वी रंगवताना ती गुणगुणायची. आता नुसता ब्रशच ऐकू यायचा. ओल हळूहळू खालच्या कडेने माझ्या पाठीच्या चंदेरी लेपात शिरत होती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दारात ओळखीचा आवाज आला. रुखमाबाई मूलच्या एसटीने आली होती. सोबत नव्या तांदळाची थैली.

"जयभीम, जवाईबापू. वच्छे, पानी दे वो." पाणी पिऊन होते न होते तोच तिने विचारले, "आरसा कुठी हाय?"

हरिदासने कपाटाकडे पाहिले. मग वच्छलाने कपाट सरकवले आणि मला बाहेर काढले. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळा डाग पडला होता.

"अवो, भिताडाले ओल हाय, तिथी ठेवला काऊन?" रुखमाबाईने कोरड्या पदराने मला पुसले, पाठ आणि चौकट दोन्ही. मग खुर्चीवर ठेवले, भिंतीला टेकवून. समोरच्या भिंतीशी दोन्ही चित्रे उभी होती. एक माझ्यात पाहून काढलेले, दुसरे फोटोवरून. रुखमाबाईची पाठ माझ्याकडे होती.

आधी ती दुसऱ्या चित्राकडे गेली. वाकून पाहिले. "हे माही वच्छी," ती म्हणाली. "अस्सल."

वच्छलाची मान खाली गेली. निकाल लागला होता. तिने पहिले चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायला हात पुढे केला.

"थांब वो."

रुखमाबाई त्या चित्रासमोर सरळ उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला. मग डावा हात वर नेऊन नाकातली चमकी चाचपली. आणि मग, मित्रांनो, तिने पदराच्या टोकाने स्वतःचा गाल पुसला. चित्राकडे पाहिले. पुन्हा पुसला.

हरिदासला हसू आवरले नाही. "अवो माय, ते चित्रात हाय, तुमच्या गालावर नाई!"

रुखमाबाईचा हात गालावरच थांबला. ती हसेल असे मला वाटले होते. ती हसली नाही.

"असंच म्हनलं होतं वच्छीच्या बापानं," ती म्हणाली. "दीक्षेच्या दिवशी. असंच पांढरं लुगडं होतं. हे मी होय न वो?"

"माय, ते मी हाव," वच्छला म्हणाली. "आरशात पाहून काढलं, म्हनून उलटं आलं. चमकी ह्या अंगाले पाहिजे होती."

"उलटं कसं?" रुखमाबाईने चित्रातल्या चमकीपुढे बोट धरले, मग तेच बोट सरळ मागे आणून स्वतःच्या नाकाला लावले. "ह्याच अंगाले त हाय. माहा फोटू कोनं काढला कधी? मले मी अशीच ठाऊक हाव. चार वर्षं झाले, आरसा तुह्याकडं देल्ला, तवापासून मी मले भेटलीच नाई. आज भेटली."

वच्छला खाली जमिनीवरच बसली. रडत होती की काय ते मला नीट दिसले नाही, कारण आई मध्ये उभी होती.

मी तिथेच खुर्चीवर होतो. तीस वर्षांत प्रथमच मला वाटले, की मी खोटे बोललो नव्हतो. बाईला सगळे जण समोरून पाहतात, ती एक बाई. आणि ती स्वतःला जशी भेटते, ती दुसरी. दुसरीची ओळख फक्त तिला असते, आणि थोडीफार आम्हा आरशांना.

थोड्या वेळाने वच्छला उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "अजी, उद्या हेच चित्र न्याचं. आन आरसाबी."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये कमलाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, दुरुस्त नाई केलं? चमकी तिथीच हाय!"

वच्छला बोलायच्या आधीच रुखमाबाई पुढे झाली. "बाई, सकाळी तुमी टिकली लावता, तवा आरशात कोनती बाई दिसते?"

"मीच दिसतो, आनखी कोन?"

"मंग हे तेच बाई होय. तुमच्या घरवाल्यानं नाई पाह्यली कधी."

कमलाबाई खदखदून हसल्या. मग हसू ओसरले तशा चित्राजवळ गेल्या, आणि मी पाहिले, त्यांचा हात नकळत आपल्या नाकाकडे गेला. "लावा बाप्पा," त्या म्हणाल्या. "पन खाली काही लिहा. नाई त लोकं मलेच इचारतीन."

वच्छलाने कागदाच्या पट्टीवर लिहिले, 'मला दिसणारी मी'. चित्र भिंतीवर लागले, आंब्याच्या लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या बाजूला. मला बाजूच्या स्टुलावर उभे केले.

खोटे कशाला सांगू, पुष्कळ जणी हसल्याच. "डावरी, डावरी" म्हणून मुलींनी चेष्टाही केली. बक्षीस क्रोशाच्या रुमालाला मिळाले. पण एक बाई चित्र पाहून माझ्यात पाहू लागली, माझ्यात पाहून पुन्हा चित्र पाहू लागली. मग गेली आणि आपल्या जावेला हाताला धरून घेऊन आली. दोघी उभ्या राहिल्या. जावेने हळूच आपले केस कानामागे सारले.

संध्याकाळी घरी आल्यावर वच्छलाने ब्रश धुतले. ब्रश धुऊन ठेवीन असे ती म्हणाली होती, ते मला आठवले. पण तिने ते पुसून पेटीत ठेवले, पेटी उशाशी ठेवली, आणि धुताना ती गुणगुणत होती.

आठ दिवसांनी रुखमाबाई गावी निघाली. फोटोवरून काढलेले चित्र तिने मागून घेतले. "हे माही लेक हाय, हे मी नेतो. तुही तू ठेव तुह्यापाशी." पोहोचवून परत आल्यावर हरिदासने सांगितले, मूलच्या घरी ते चित्र त्याच जुन्या खिळ्याला टांगले आहे. माझ्या खिळ्याला. मला त्याचे वाईट वाटले नाही. इकडे त्याने माझ्यासाठी कोरड्या भिंतीत नवा खिळा ठोकला. आता वच्छला समोर बसली की तो पाय न वाजवता जातो, आणि कधीकधी चहा करून बाजूला ठेवतो. चहा फार गोड असतो असे ती म्हणते, पण पिते.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. माझा डाग थोडा वाढला आहे. एक दिवस तो बुडबुड्यापर्यंत पोहोचेल आणि मग मी कुणाच्या उपयोगाचा राहणार नाही. तोवर माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी असा एखादा म्हातारा आरसा असेल, तर त्याला ओल्या भिंतीला लावू नका, आणि पुसायचा तर कोरड्या फडक्याने पुसा. आम्ही पाठीकडून खराब होत जातो, आणि पाठीकडे कुणाचे लक्ष नसते.

आणि मित्रांनो, तुमची आई किंवा ताई कधी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली, तर लगेच "किती वेळ?" म्हणून हाक मारू नका. थोडे थांबा. ती तिथे कुणाला तरी भेटत असेल.